तर्करावांची परीक्षा

पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे पाठीमागे तर्कराव म्हणत. तोंडावर म्हटलं असतं तरी ते खूशच झाले असते! देव मानत नाही याचा त्यांना भारी अभिमान. जो मानत नाही तोच डोकेबाज, ही त्यांची पक्की समजूत.

पंचाईत झाली ती उपप्रमुख निवडताना. दावेदार दोघंच, दोघंही वेगवेगळ्या परदेशांतून आलेले. जंतू तपासणाऱ्या बाई कामात चोख, पण डबा उघडण्याआधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायच्या. रसायनं बघणारे उंच गृहस्थ मात्र पक्के नास्तिक.

"डोळे मिटणारी माणसं सूक्ष्मदर्शकात काय बघणार?" तर्कराव घरी जेवता जेवता म्हणाले.

"तेव्हा उघडत असतील की रे," ताई म्हणाली. ही त्यांची थोरली बहीण, त्यांच्याकडेच राहायची.

"उद्या परीक्षाच घेतो दोघांची!"

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी दोघांना गाठलं. "शर्यतीत तुम्ही दुसऱ्या नंबरच्या माणसाला मागे टाकलंत. आता तुमचा नंबर कितवा?"

"पहिला!" उंच गृहस्थ बिस्किट बुडवता बुडवता म्हणाले.

बाईंनी शांतपणे घोट घेतला. "दुसरा. पहिला अजून पुढेच पळतोय ना, सर."

तर्करावांचा चेहरा पडला. "अहो, तुम्ही नास्तिक ना?" ते गृहस्थांच्या कानाशी कुजबुजले. "मग जरा विचार करायचा!"

"नास्तिक असायला विचार कशाला लागतो?" गृहस्थ मोठ्यानेच म्हणाले. "आमच्याकडे कुणीच मानत नाही. माझी आजीसुद्धा नाही. मी मानायला लागलो असतो, तर मात्र फार विचार करावा लागला असता!" बोलण्याच्या नादात त्यांचं बिस्किट चहाच्या तळाशी गेलं.

"माझंही तसंच," बाई हसल्या. "आई जेवणाआधी हात जोडायची, मीही जोडते. जंतूंच्या बाबतीत मात्र आईवरही विश्वास ठेवत नाही. पुन्हा तपासते."

संध्याकाळी हे ऐकून ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "बरं, तू सांग. पंधरा मेंढ्या होत्या. आठ सोडून सगळ्या पळाल्या. उरल्या किती?"

"सात!" तर्कराव तडक म्हणाले.

"आठ."

तर्करावांनी बोटांवर मोजून पाहिलं. आठच भरल्या.

"आता हे सांग, तू देव सोडलास कधी?"

"मी? पूर्ण विचारांती..."

"डोंबलाचा विचार! आपल्या घरात देव होता कुठे सोडायला? बाबा हसायचे, म्हणून आपण हसायचो. तुझं नाक बाबांचं, तसा नास्तिकपणाही बाबांचाच."

तर्करावांचा हात नकळत नाकाकडे गेला. "म्हणजे माझं चुकतंय?"

"न मानणं चुकत नाही रे! मीही मानत नाही. पण जे आयतं मिळालं, त्याची फुशारकी मारून त्या बिचारीची बढती अडवशील, ते चुकेल."

त्या रात्री तर्करावांनी आपलंच म्हणणं पुन्हा तपासलं. आयुष्यात पहिल्यांदाच!

सकाळी त्यांनी बाईंचं नाव वर पाठवलं. मग त्यांच्या टेबलापाशी जाऊन घसा खाकरला. "बाई, बढतीसाठी तुमचं नाव तुमच्या कामामुळे पाठवलंय. पण मी तुम्हाला उगाच कमी लेखत होतो. माफ करा."

"कळलं होतं, सर," बाई म्हणाल्या. "शर्यतीचं कोडं कुणी उगाच विचारत नाही."

तर्कराव लाजले, मग खो खो हसले. ते आजही देव मानत नाहीत, बाई आजही मानतात, आणि शहराचं पाणी दोघं मिळून तपासतात.

मंडळी, आपण काय मानतो आणि काय नाही, यात आपल्या अकलेपेक्षा आपल्या घराचा आणि मुलखाचा वाटा पुष्कळ मोठा असतो. तेव्हा कुणाच्या श्रद्धेवरून किंवा अश्रद्धेवरून त्याच्या डोक्याचं माप काढू नका. काढायचंच असेल, तर कामाचं काढा; आणि तेही जरा सावकाश!