अकराव्या प्रकरणाची पानं

टेबलावर मुलांकडून गोळा केलेल्या अडतीस प्रती होत्या. ललिताने त्या आधी वरवर मोजल्या, मग एकेक हातात घेऊन पानं सरकवत मोजल्या. सत्तावीस प्रती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सुटसुटीत उलटत होत्या. उरलेल्या अकरा प्रतींत पानं एकशे त्रेचाळीस ते एकशे अठ्ठावन्न एकमेकांना चिकटलेली होती. ओल लागून चिकटावीत तशी वेडीवाकडी नाही, तर कडेला बोटभर रुंदीची सरळ पट्टी, खळ लावून नीट दाबलेली. त्या अकराही प्रतींवर वसतिगृहाचा निळा शिक्का होता. मुलांनी स्वतः विकत घेतलेल्या बाकीच्या सत्तावीसांपैकी एकीवरही नव्हता.

तिने सगळा गठ्ठा पुन्हा एकदा तपासला. आकडे तेच आले.

मराठीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या म्हणून नववीचं पूरक वाचन तिच्याकडे आलं होतं. ती खरी विज्ञानाची, तासिका तत्त्वावर. पण मुख्याध्यापिका कुंदाबाई म्हणाल्या होत्या, "तू याच शाळेची ना गं? 'तिसरा उतार' तुला तोंडपाठ असेल." ते खोटं नव्हतं. संस्थेने नेमलेली ही कादंबरी देवपूरच्या या शाळेत कितीतरी वर्षं चालू होती, आणि नववीत असताना ललिताने तिची पारायणं केली होती. वसतिगृहातून मिळालेल्या तिच्या प्रतीचीही ही पानं चिकटलेली होती. तेव्हा मराठी शिकवणाऱ्या पितांबर सरांनी तिला सांगितलं होतं, "छापताना बिघडलीत ती. परीक्षेला नाहीत." सर म्हणाले म्हणजे झालं. तिने त्या पानांत कधी नखसुद्धा घातलं नव्हतं.

तिने सुटी पानं असलेली एक प्रत उचलली आणि उभ्या उभ्या अकरावं प्रकरण वाचलं.

सातपुड्याच्या पायथ्याची माणसं कापूस वेचायला नायकाच्या शेतावर येतात, एवढंच त्यात होतं. ती कशी बसतात, कशी खातात, त्यांच्या अंगाला वास कसला येतो, हे लेखकाने फार मन लावून लिहिलं होतं. एका परिच्छेदाच्या शेवटी नायकाचे वडील त्याला समजावतात : 'डोंगरातल्या माणसाला नाव विचारू नये. हाक मारावी. त्यांच्यातला कुणीही येतो.' नायक हसतो. लेखकही हसत असावा असं वाटत होतं.

ललिताचं गाव त्याच पायथ्याचं. नववीच्या स्नेहसंमेलनात तिने याच कादंबरीतलं डोंगराचं वर्णन पाठ म्हणून दाखवलं होतं आणि शेवटी, कुणी सांगितलेलं नसताना, माईक घट्ट धरून म्हणाली होती, "या पुस्तकात माझं गाव आहे!" टाळ्या थांबता थांबल्या नव्हत्या.

तिने प्रत मिटली, गठ्ठ्यावर ठेवली आणि गठ्ठ्याच्या चारही कडा तळहाताने सारख्या केल्या. मग पुन्हा सारख्या केल्या.

संध्याकाळी तिने डिंपलला फोन लावला. डिंपल दोंडाईच्याची, नववीत दोघी एका बाकावर. आता ती जळगावला एका बँकेत होती.

"काय वं, आज कशी काय आठवण उनी?"

"डिंपल, 'तिसरा उतार'चं अकरावं प्रकरण तू वाचलं होतंस?"

पलीकडे भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला.

"तुले आते समजनं का?"

"म्हणजे तुला माहीत होतं."

"वर्गमा बठ्ठासले माहीत व्हतं. सरस्नी सांगेल व्हतं, ललिताम्होरे ती पानं काढू नका, तिले वाईट वाटी."

"आणि मी संमेलनात बोलले तेव्हा?"

"तू इतली खुश व्हती ना वं. मी काय सांगू तुले, स्टेजवर चढीसन?"

"टाळ्या कुणी सुरू केल्या होत्या?"

"मीच," ती म्हणाली. "आपला वर्गना बबन्या हसाले लागना व्हता. त्याना आवाज दबाले पाहिजे म्हनून."

ललिताने फोन ठेवला. डिंपलचा लगेच परत आला. तो वाजून वाजून बंद पडला.

पितांबर सर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. घर शाळेपासून चार गल्ल्यांवर. ललिता गेली तेव्हा ते ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. तिला पाहून त्यांनी चष्मा काढला, खुर्ची पुसली आणि आत हाक दिली, "अहो, आपली ललिता आली. मास्तरीण झाली ती आता!"

सरांच्या पत्नी वच्छलाबाईंनी चहा आणला. ललिताच्या मांडीवर कादंबरीची प्रत पाहून त्या हसल्या. "अगबाई, अजून हीच चालते का? बाई, दर दोन वर्षांनी या पुस्तकांची पानं सुटायची. वाटीभर मैद्याची खळ हे मला करायला लावायचे. मोरचूद घाल म्हणायचे, म्हणजे कसर लागत नाही."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या कप ठेवून आत गेल्या.

"छपाईची चूक म्हणाला होतात, सर."

"म्हणालो होतो."

"फक्त वसतिगृहाच्या प्रतींत?"

"मी नवीन होतो तेव्हा प्रकरण वर्गात मोठ्याने वाचून घेतलं होतं. क्रमाक्रमाने, एकेकाला उभं करून. ते वाक्य नेमकं वसतिगृहाच्या पोरावर आलं. धना त्याचं नाव. हुशार. त्याने वाचलं, बसला, आणि दुसऱ्या दिवशी गावी निघून गेला. मी आणायला गेलो, तर घरात होता, बाहेर आला नाही." सरांनी कप उचलला, पण प्यायले नाहीत. "संस्थेला लिहिलं, पुस्तक बदला. म्हणाले, अभिजात आहे. पुस्तक माझ्या हातात नव्हतं गं. पानं होती."

"मग सगळ्याच प्रतींची का नाही चिकटवलीत?"

सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"बाकीच्या पोरांचे आईबाप विचारायला आले असते," ते म्हणाले. "तुमचे येणार नव्हते."

ललिता उठली. तिने चहा घेतला नव्हता.

"सर, मी ती पानं सोडवणार आहे. आणि या वर्षीच्या अकरा मुलांना विचारणार आहे, तुम्ही केलंत ते बरोबर होतं का."

"विचार की. पण उत्तर आधी ठरवून विचारू नकोस. विज्ञान शिकवतेस ना?"

"उत्तर मला माहीत आहे, सर. मी त्यांच्यातलीच आहे."

खळ सोडवणं अवघड नव्हतं. शाळेच्या प्रयोगशाळेत तिने पाणी उकळत ठेवलं, एकेक प्रत वाफेवर धरली आणि प्लास्टिकची पट्टी फिरवून पानं अलगद सुटी केली. तीन ठिकाणी कागद फाटला. एकही अक्षर गेलं नाही.

सोमवारी वर्गात तिने प्रती परत दिल्या, अकरा प्रतींची ही पानं मुद्दाम चिकटवलेली होती असं सांगितलं आणि प्रकरण स्वतः वाचलं, कुणाला उभं न करता. ते वाक्य आलं तेव्हा आवाज तसाच ठेवला. मग पुस्तक मिटून म्हणाली, "आता बोला. काय वाटलं ते."

पहिला हात दिपमालाचा, डॉक्टरांच्या मुलीचा. "मॅडम, मी घरी पूर्ण वाचली. शेवटाला मी रडले. एका प्रकरणावरून अख्खी कादंबरी वाईट कशी म्हणायची?"

"वाईट नाही, बोअर आहे," बबलू मागून म्हणाला. "दोन पानं नुसता बैल पाणी पितो."

वर्ग हसला.

"जुन्या काळचं पुस्तक आहे, मॅडम," प्रेमराज म्हणाला. "तेव्हा लोक असंच बोलायचे. आमचे आबा अजून बोलतात."

"म्हणून तर बदललं पाहिजे," दिपमालाच्या शेजारची म्हणाली, आणि दिपमालाने तिला कोपराने ढोसलं.

वसतिगृहाची मुलं खिडकीच्या बाजूला बसायची. त्यांच्यातला ईश्वर उठला. "मॅडम, हे चूक लिहिलंय. आमच्याकडे हाक मारली तर कुणीच येत नाही. आधी विचारतात, काम काय आहे?"

या वेळी सगळेच हसले, ललितासुद्धा. मग ममता उभी राहिली. ती एरवी बोलायची नाही.

"आमच्याच प्रती का चिकटवल्या, मॅडम? आम्ही कसे आहोत ते आम्हाला माहीत आहे. चिकटवायच्या तर यांच्या चिकटवायच्या."

ललिताने खडू उचलला आणि काही न लिहिता परत ठेवला. छातीत बऱ्याच दिवसांनी काहीतरी मोकळं झाल्यासारखं तिला वाटलं. तास संपला तेव्हा ती हलक्या पावलांनी शिक्षकखोलीत गेली.

बुधवारी मधल्या सुट्टीत ती नळाजवळून चालली होती. पलीकडून बबलूचा आवाज आला, "ए! कुणीही या रे!" त्याच्याभोवतीची चार-पाच पोरं खिदळली. नळावर ममता आणि ईश्वर डबे धूत होते. ईश्वरने मान वळवली. वळवल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि तो डबा घासत राहिला, आधीच स्वच्छ झालेला.

ललिताने बबलूला बाजूला घेतलं.

"गंमत होती, मॅडम," तो खरोखरच गोंधळून म्हणाला. "पुस्तकातलंच वाक्य आहे. तुम्हीच वाचलं ना?"

त्या दिवशी तिने त्याला शिक्षा केली. गुरुवारी तीच हाक जिन्यावर ऐकू आली, दुसऱ्याच वर्गाच्या मुलाच्या तोंडी.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिने अकराही जणांना प्रयोगशाळेत बोलावलं. ती बोलली ते थोडक्यात. ती स्वतः कुठली, तिने कोणती प्रत वाचली होती, संमेलनात काय म्हणाली होती आणि त्याबद्दल तिला कधी, कुणाकडून कळलं. पितांबर सरांचं नाव तिने घेतलं नाही. 'आमच्या एका सरांनी' असं म्हणाली.

"पुढच्या वर्षी या अकरा प्रती तुमच्यासारख्याच अकरा जणांच्या हातात जातील," ती म्हणाली. "पुस्तक बदला म्हणून मी संस्थेला लिहिलंय. बदलेल की नाही, माहीत नाही. तोवर ही पानं उघडी ठेवायची की पुन्हा चिकटवायची, ते तुम्ही सांगायचं. चिठ्ठीवर नाव लिहू नका."

"बाकीच्यांच्या प्रती?" ममताने विचारलं.

"त्या चिकटवायचा अधिकार मला नाही."

ममताने मान हलवली आणि चिठ्ठी घेतली.

एकानेही दुसऱ्याकडे पाहिलं नाही. ईश्वरने लिहून खोडलं, मग पुन्हा लिहिलं. सगळ्यांत धाकटा पुना पेन्सिल तोंडात धरून बराच वेळ बसला, आणि मग डाव्या हाताने झाकून एकच शब्द लिहिला. चिठ्ठ्या टेबलावरच्या काचेच्या चंचुपात्रात पडल्या. मुलं गेली. त्यांच्या चपलांचा आवाज पोर्चपर्यंत ऐकू आला.

फोन टेबलावर थरथरला. सरांचा होता. तिने तो तसाच वाजू दिला, चंचुपात्र पालथं केलं आणि चिठ्ठ्या उघडून दोन रांगांत लावल्या. मग मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

उघडी ठेवा : चार. चिकटवा : सात.