भाईआजोबांचं वजन

मंगळवारी सकाळी साडेसात वाजता जेवणाच्या टेबलावर पावांपैकी सहा उंडे, दोन पोया, एक कांकण, शिवाय चार कप आणि चार चष्मे होते. टेबलाभोवती तीन माणसं बसली होती, आणि एप्रिल महिन्यात त्यांतलं एकही माणूस जगात नव्हतं. चौथा चष्मा भाईआजोबांचा. नाकाला भार होतो म्हणून त्यांनी तो काढून दिला होता. ते स्वतः पॅसेजच्या टोकाच्या खोलीत दोन जाडजूड शब्दकोशांखाली निजले होते.

शब्दकोश शर्वाणीने ठेवले होते, एक छातीवर, एक मांड्यांवर. पंखा अगदी एकवर ठेवला तरी भाईआजोबा चादरीसकट उचलले जात. मे महिना होता. मडगावात अंगाची काहिली होत होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमधले सगळे पंखे बंद होते.

"मेनिना, पंखा लाव गो," फेलिस्बेर्तो म्हणाला. मेनिना म्हणजे मुली. शर्वाणीचं नाव त्याने अजून विचारलं नव्हतं.

"नाही."

"निदान या खोलीतला तरी."

"वारा पॅसेजमधून आत जातो. काल पाहिलंत ना?"

काल सगळ्यांनी पाहिलं होतं. भाईआजोबा छताला टेकले होते आणि शर्वाणीने त्यांना धोतराच्या सोग्याला धरून खाली ओढलं होतं. त्या वेळी हे तिघे खाली उभे राहून 'तरंगणं' या विषयावर कुणी आधी लिहायचं यावरून भांडत होते.

भाईआजोबा, म्हणजे विश्वंभर शेणवी नेवरेकर, हे शर्वाणीच्या आजोबांचे धाकटे भाऊ. चार भावंडांतले ते एकटेच मडगावात राहिले. बाकीची लिस्बनला, आफ्रिकेला, कुठे कुठे गेली. भाईआजोबांनी शाळेत पोर्तुगीज शिकवलं आणि उरलेल्या वेळात पोर्तुगीजमध्ये कविता केल्या, पण एकीखालीही स्वतःचं नाव घातलं नाही. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी कवी मांडायचा, मग कविता. कवीचं नाव, जन्मगाव, जन्मवेळ ठरवून ते पंचांग काढत आणि चौकटीच्या कागदावर त्याची रीतसर पत्रिका मांडत. पत्रिका मांडल्याशिवाय त्या माणसाला काय दुखतंय ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. या उन्हाळ्यात त्यांनी तीन नव्या पत्रिका मांडल्या, आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या दिवशी सकाळी, पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजता वाजता, दारात एकेक कवी येऊन उभा राहिला.

शर्वाणी बी.एस्सी.ची परीक्षा देऊन निकाल लागेपर्यंत सोबतीला आली होती. लहानपणी तिला अक्षरं याच माणसाने गिरवून घेतली होती, त्यामुळे कुणी सांगायच्या आधीच तिने बॅग भरली होती. भौतिकशास्त्रात तिला एक सवय लागलेली. जे समजत नाही ते आधी मोजायचं. तिने बाथरूममधला वजनकाटा दहा लिटर पाण्याची बादली ठेवून तपासला आणि घरातल्या सगळ्यांना त्याच्यावर उभं केलं.

फेलिस्बेर्तो वाझ, जहाजावरचा डॉक्टर, एकवीस किलो तीनशे ग्रॅम. याचे पाय कायम ओले. चालेल तिथे फरशीवर मिठाचे डाग पडत आणि ते फक्त शर्वाणीला पुसावे लागत.

दोना, म्हणजे बाई, अमाब्लिया, आफ्रिकेतल्या बेइरा बंदरातली विधवा शिक्षिका, अठरा किलो सहाशे. तिने मडगावचं नाव कुठल्याच कवितेत घेतलं नव्हतं आणि सगळ्या कविता मडगावावर होत्या.

इलिदियो प्राता, सरकारने एका कोरड्या बेटावर धाडलेला हद्दपार, सोळा किलो दोनशे. तो नळाखाली पेला धरून बसे आणि शर्वाणीने भांडी घासायला घेतली की हंबरडा फोडे.

भाईआजोबा, पाच किलो तीनशे.

मार्चमधल्या तपासणीच्या कागदावर भाईआजोबांचं वजन एकसष्ट किलो चारशे होतं. शर्वाणीने चारही आकडे एकाखाली एक लिहिले, बेरीज केली, ती बरोबर तेवढीच आली, आणि वही मिटली. तिला आश्चर्य वाटलं नाही, संताप आला.

"तुम्ही त्यांना खाताय," ती टेबलाशी येऊन म्हणाली.

इलिदियो दोनदा खाकरला. बोलण्याआधी तिघंही दोनदा खाकरत. सवय मुळात भाईआजोबांची. "आम्ही काय मागितलं होतं? मला तर त्यानेच बेटावर नेऊन टाकलं. तिथे झाड नाही, पाऊस नाही. आणि कशासाठी? तर त्याला एक यमक हवं होतं."

"मग परत जा."

"कुठे? बेटावर?" तो म्हणाला आणि दुसरी पोयी ओढून घेतली.

"ती पोयी त्यांची आहे."

"तो पाव किलोसुद्धा खात नाही हल्ली," अमाब्लिया म्हणाली. "पोरी, तुझं गणित बरोबर असेल. पण सकाळी सकाळी आरडाओरडा कशाला?"

शिवाय पॅसेज होता. मुळात तो चार मीटर वीस सेंटिमीटर होता. आलेल्या प्रत्येक कवीचं दार भाईआजोबांच्या दाराच्या अलीकडे उघडलं आणि त्यांची खोली पुढे पुढे सरकत गेली. मंगळवारी शर्वाणीने टेप लावली तेव्हा एकतीस मीटर भरला. पेज घेऊन निघालं की पोचेपर्यंत ती कोमट होई. भाईआजोबांच्या हाका स्वयंपाकघरापर्यंत येईनाशा झाल्या, म्हणून शर्वाणीने त्यांच्या उशाशी पूजेची घंटा ठेवली. पण ती उचलायचीही ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी सावईकर आले. दारातूनच त्यांनी आत पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"तुमचा पॅसेज रस्त्याच्या वर गेलाय," ते म्हणाले.

"खालून दिसतो?"

"दिसत नाही. पण नियमात बसत नाही. शिवाय खालच्या कामतबायच्या छतातून पाणी ठिबकतंय. त्यांनी चाटून पाहिलं. खारट आहे."

"तो जहाजावरचा आहे. त्याला सांगून पाहा तुम्हीच."

सावईकरांनी फेलिस्बेर्तोच्या पायांकडे पाहिलं. "भाडेकरू ठेवलेत की पाहुणे?"

"कवी आहेत."

"मग पाहुणेच," ते म्हणाले. "आठ दिवसांत पॅसेज आत घ्या. भाईंना नमस्कार सांगा. मी जाऊन भेटलो असतो, पण चार वाजता मीटिंग आहे."

बुधवारी एक घटना घडली आणि शर्वाणीला वाट सापडल्यासारखं वाटलं. भाईआजोबांनी फेलिस्बेर्तोची एक कविता वाचायला मागितली आणि तिच्यातल्या एका विशेषणावर ते इतके चिडले, की पेन्सिलीने खालचं नावच खोडून टाकलं. शर्वाणीने सवयीने त्यांना काट्यावर धरलं. पाच किलो सहाशे. फेलिस्बेर्तो तीनशे ग्रॅमनी कमी झाला होता. ती जवळजवळ धावत स्वयंपाकघरात आली आणि तिने पंचेचाळीस दिवसांत पहिल्यांदा स्वतःसाठी चहा टाकला. संध्याकाळी पाहते तर आकडे पुन्हा जुनेच. फेलिस्बेर्तोने तो कागद शोधून खाली पुन्हा सही केली होती.

"ज्याच्यावर नाव नाही ते समुद्राचं," तो म्हणाला. "आणि समुद्र माझ्याकडे आहे. या दोघांना विचार."

"हा चोर आहे," इलिदियो म्हणाला. "मी पाणी प्यायला गेलो होतो, नाहीतर मीच केली असती."

म्हणजे नुसतं नाव खोडून भागणार नव्हतं. रिकामी जागा दिसली की यांपैकी कुणीतरी तिच्यावर बसणार. तिथे दुसरं नाव हवं होतं, आणि ते कुणाला उचलता येणार नाही असं हवं होतं. गुरुवारी सकाळची कामं आटोपून शर्वाणी एकतीस मीटर चालत गेली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"भाईआजोबा, तुम्ही स्वतःच्या नावाने लिहा."

ते हसले. शब्दकोश थोडा हलला. "मी काय लिहू बाय? कविता जो निघून गेला त्याला असते. मी कुठे गेलो? इथून मार्केट, मार्केटातून शाळा."

"मग तेच लिहा."

"एकदा निघालो होतो. आई म्हणाली, उद्या जा. मग दुसऱ्या दिवशी परत म्हणाली." ते खाकरले, एकदाच, दुसऱ्यांदा खाकरायला छातीत वारा उरला नव्हता. "ते लिहायला मला लाज वाटते. म्हणून तर या लोकांना पाठवलं."

"लाज वाटून घेऊन पाच किलोवर आलात तुम्ही! मी तुम्हाला इथे शब्दकोशांखाली दाबून ठेवते आहे. पेपरवेटसारखं. कळतंय का तुम्हाला?"

तिचा आवाज चढला होता. भाईआजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पेन मागितलं.

त्यांनी नऊ ओळी लिहिल्या. त्याला दुपारभर लागलं. शर्वाणीने कागद पाटावर धरला होता आणि दर तीन ओळींनी ती त्यांना काट्यावर धरत होती. पाच नऊशे. सहा पाचशे. सात शंभर. बाहेर तीन दारं एकामागून एक उघडली आणि तिघं कवी हळूहळू हलके होत, भिंतीला धरून धरून आत आले.

शर्वाणीला पोर्तुगीज येत नव्हतं. भाईआजोबांनी तिला शिकवलं नव्हतं, ती निघून जायची भाषा आहे म्हणाले होते. तिने कागद अमाब्लियाला दाखवला. अमाब्लियाने तो दोनदा वाचला.

"काय आहे?"

"गॅलरीतून जे दिसतं ते. विजेची तार. पदेराची सायकल. शाळेला जाणारी एक मुलगी, तिची वेणी नीट आलेली नाही. बहुतेक तू."

"चांगली आहे?"

"आमच्या तिघांपेक्षा चांगली आहे," अमाब्लिया म्हणाली. फेलिस्बेर्तोने हात पुढे केला. शर्वाणीने कागद मागे ओढला.

"भाईआजोबा, नाव घाला."

"पुरे आता. नाव नको."

"हा उचलून नेईल."

"नेऊ दे. दोन दिवस तरी सात किलो राहीन. पत्रिकेबित्रिकेच्या भानगडीत पडू नकोस."

पत्रिकेचं तिच्या डोक्यात नव्हतं, ते त्यांनीच घातलं. तिचा पत्रिकांवर विश्वास नव्हता. पण या घरात कुठल्या कागदावर कुणाचा हक्क आहे हे पत्रिकेवरूनच ठरत होतं आणि तिला हक्क पक्का करायचा होता. लोखंडी कपाटात भाईआजोबांची जन्मपत्रिका होती, हळदीचं बोट लावलेली, त्यांच्या आईने करवून घेतलेली. शर्वाणीने ती आणली आणि कवितेच्या कागदाला टाचणीने टाचली. मग त्यांच्या बोटांत पेन दिलं, वरून आपला हात धरला, जसा त्यांनी कधीतरी तिचा धरला होता, आणि दोघांनी मिळून नाव लिहिलं. विश्वंभर शेणवी नेवरेकर.

फेलिस्बेर्तोने कागद वाचला आणि हात खिशात घातला. इलिदियो म्हणाला, "आता आपण चार झालो."

"गप्प बसा," शर्वाणी म्हणाली.

गुरुवारी रात्री वजन सात शंभर. शुक्रवारीही तेवढंच. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. शुक्रवारी भाईआजोबांनी अर्धी वाटी पेज घेतली, घंटा उचलून एकदा वाजवली, आणि निकालाची चौकशी केली. शर्वाणीने एक शब्दकोश काढून फडताळात ठेवला.

शनिवारी सकाळी पदेराचा भोंगा वाजला आणि त्याच्यामागून दाराची बेल.

दारात भाईआजोबा उभे होते. अंगात कोट, पायांत बूट, उजव्या भुवईवर तीच चामखीळ. त्यांनी बूट न काढता आत पाऊल टाकलं आणि टोपी शर्वाणीच्या हातात दिली.

"विश्वंभर नेवरेकर," ते दोनदा खाकरून म्हणाले. "इथे कवी उतरतात असं कळलं."

"भाईआजोबा, मी शर्वाणी."

"छान नाव आहे. मला कधी वापरता आलं तर वापरीन." ते टेबलाशी गेले. अमाब्लियाने खुर्ची सरकवून दिली. त्यांनी तिघांशी हस्तांदोलन केलं, बसले, आणि पोयी घेतली.

शर्वाणीने त्यांना खांद्याला धरून उठवलं आणि काट्यावर उभं केलं. त्यांनी तक्रार केली नाही. सात किलो शंभर ग्रॅम.

ती पॅसेजमध्ये वळली. चौथं दार उघडं होतं आणि त्याच्या पलीकडे पॅसेज जात राहिला होता. ती चालू लागली, मग पळू लागली. मागून इलिदियोचा आवाज आला, "मेनिना, नळ चालू राहिलाय!" तिने मागे पाहिलं नाही. अठ्ठावन्न मीटरांनंतर खोली आली.

पलंगावर चादर होती. चादरीखाली कुणी नव्हतं. शब्दकोश गादीवर सपाट पडला होता. तिने तो उचलला, चादर बाजूला केली, आडवा हात फिरवला, उशी उचलून पाहिली, पलंगाखाली वाकून पाहिलं, छताकडे पाहिलं. मग ती टेबलाच्या खणाकडे गेली, आतलं थर्मामीटर काढलं, झटकून पारा खाली आणला, आणि गादीवर जिथे त्यांची काख असायला हवी होती तिथे ते ठेवून वरून चादर नीट पांघरली. घड्याळ लावून ती तीन मिनिटं पलंगाच्या कडेवर बसली.

पारा अठ्ठ्याण्णव पूर्णांक चारवर होता.