कशावर दळलं

पालीच्या बाजारपेठेत स्वरूपची गिरण आहे. तिथे येणारी प्रत्येक बाई डबा खाली ठेवायच्या आधी एकच प्रश्न विचारते, "आता कशावर दळतोयस?" म्हणजे माझ्या दळणाच्या आधी त्या दगडांमधून काय गेलंय. हरभऱ्यावर कुणालाच दळायचं नसतं. मसाल्याचं तर नावच काढू नका. तांदळावर मात्र काहीही चालतं. तांदूळ म्हणजे आपल्याकडचं गरीब धान्य, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गिरण साफ करायची तरी दोन मुठी तांदूळच फिरवतात. स्वरूपच्या वडिलांनी त्याला हेच शिकवलं, आणि बारा वर्षं तो तेच करत आलाय.

आणि नेमकी त्याच्या सख्ख्या भाचीला तांदूळच वैरी निघाला.

राही सात महिन्यांची झाली तेव्हा तिची उष्टावण केली. पहिला घास मामाने भरवायचा, म्हणून स्वरूप नवा शर्ट घालून, चांदीची वाटी-चमचा घेऊन बहिणीकडे गेला. दर्शनाचं सासर पालीपासून चार किलोमीटरवरच्या वाडीत. त्याने तांदळाच्या खिरीचा चमचा राहीच्या ओठांना लावला, तिने मिटक्या मारल्या, सगळे हसले. आणखी दोन चमचे गेले. दोन तासांनी, शेवटची पंगत बसलेली असताना, राही ओकायला लागली. थांबेचना. पोटात काही उरलं नाही तरी ओकतच राहिली आणि मग पांढरीफटक पडून तिने मान टाकली. दर्शनाची सासू हौसा मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला धावली. स्वरूपने पोरीला उचललं आणि रिक्षा गाठली. रत्नागिरीत सलाईन लागल्यावर कुठे तिने डोळे उघडले.

दूध नासलं असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मग घरी आणल्यावर पोट शांत व्हावं म्हणून तिला काय दिलं? पेज. पोट बिघडलं की पेज, हे कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही. दोन तासांनी पुन्हा तेच. असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा रत्नागिरीच्या एका डॉक्टर बाईंनी सगळं नीट विचारून घेतलं आणि सांगितलं की हिच्या पोटाला तांदूळ सोसत नाही. गायीचं दूधही सोसत नाही. आणखी काय सोसणार नाही ते एकेक करून बघावं लागेल. बहुतेक पोरांचं वाढत्या वयात निवळतं, पण तोवर जपायचं.

एकेक म्हणजे अगदी एकेक. एका वेळी एकच पदार्थ, तोही आधी पाव चमचा, मग चार दिवस वाट बघायची, आणि सगळं लिहून ठेवायचं. दर्शनाने दोनशे पानी वही केली. राहीचा बाप सुजय मुंबईला नोकरीला, त्याला रोज संध्याकाळी ती फोनवर वहीतलं पान वाचून दाखवायची. 'रताळं. काही झालं नाही.' 'केळं. काही झालं नाही.' 'दुधी. काही झालं नाही.' 'मुगाचं पाणी. अडीच तासांनी सात उलट्या.' 'काही झालं नाही' ही जगातली सगळ्यात गोड बातमी आहे हे त्या घराला या वहीने शिकवलं.

स्वरूपला कुणी बोल लावला नाही. पण पहिला चमचा आपल्या हाताने गेला, हे त्याच्या मनातून जाईना. गिरणीतला माणूस, अंगावर सदा पीठ. तो बहिणीच्या अंगणात उभा राहूनच विचारपूस करायचा. राही हात पसरून दुडदुडत आली की दोन पावलं मागे सरायचा. "आंघोळ नाय केलीय गो बाय," म्हणायचा. हौसाला वाटायचं, पोरगा जरा तऱ्हेवाईकच झालाय.

जूनमध्ये डॉक्टर बाई म्हणाल्या, आता एखादं धान्य जमायला हवं, रताळ्या-केळ्यांवर वजन वाढत नाही. नाचणी करून बघू. नाचणी जमली तर अर्धी लढाई जिंकलो. दर्शनाने पाव किलो नाचणी भिजवून, मोड आणून, सुकवून स्वरूपकडे दिली. त्या दिवशी त्याने गिरण जशी साफ केली तशी देवाची भांडीही कुणी घासत नसेल. दगड उघडले, कुंचल्याने झाडले, पीठ पडायच्या तोंडाची कापडी नळी धुऊन वाळवली. मग स्वतः नाचणी दळून डबा बहिणीच्या हातात दिला. पीठ नेहमीपेक्षा जरा उजळ दिसत होतं. वजनही पाव किलोच्या वर भरलं. "मामाची गिरण हाय," तो मोठ्या तोऱ्यात म्हणाला होता, "माप वाढूनच मिळायचं."

चार दिवसांनी वहीत ओळ आली: 'नाचणी. दोन तासांनी नऊ उलट्या. सलाईन.' दर्शनाने त्यावर पेनाने अशी फुली मारली की मागचं पान फाटलं.

त्यानंतर तिने धान्याचं नाव काढू दिलं नाही. डॉक्टर बाईंनी दोनदा समजावलं, ती दोन्ही वेळा मान खाली घालून बसली. राही दीड वर्षाची व्हायला आली आणि काटा साडेसात किलोवर रुतून बसला. तिच्या बरोबरीची पोरं अंगणात धावायची, ही चार पावलं चालून बसायची. पोरीला अंगावरच्या दुधावर आणि रताळ्यावर किती दिवस ठेवणार, हा प्रश्न घरात सगळ्यांच्या मनात होता आणि विचारायची हिंमत कुणाचीच नव्हती.

नवरात्राच्या आदल्या दिवशी गुणवंतीकाकू वरीचा डबा घेऊन गिरणीत आल्या. काकू म्हणजे पेठेतलं कडक प्रकरण.

"कशावर दळतोयस?"

"आत्ता तांदूळ झालेत काकू. पण साफ केलंय सगळं."

"कुंचल्यानं साफ होतं होय रे? तांदूळ दगडाच्या खाचेत बसतो. माझ्या वरीच्या पहिल्या दोन मुठी फिरव आणि ते पीठ कोंबड्यांना घाल. एक कण जरी गेला तरी उपास मोडेल माझा."

"घालतो," तो हसून म्हणाला. दरवर्षी हेच बोलणं व्हायचं आणि दरवर्षी तो पहिल्या दोन मुठी कोंबड्यांनाच घालायचा. त्याने पट्टा चालू करायला हात वर केला आणि तो हात तिथेच राहिला.

जूनमधली ती सकाळ त्याला लख्ख आठवली. दगड झाडले होते, नळी धुतली होती. आणि सगळ्यात शेवटी, गिरण अगदी चोख व्हावी म्हणून, भाचीच्या मायेपोटी, त्याने दोन मुठी नाही, चांगले अर्धा किलो तांदूळ फिरवले होते. त्याच्यावर लगेच ती पाव किलो नाचणी. म्हणून पीठ उजळ. म्हणून वजन जास्त.

"काय झालं रे? पांढरा पडलास तो?" काकू म्हणाल्या.

"काकू, तुमचं दळण संध्याकाळी देतो," म्हणत त्याने गिरण बंद केली. नवरात्राच्या आदल्या दिवशी पालीची गिरण बंद, असं कधी झालं नव्हतं. काकूंनी जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण स्कूटर वाडीच्या वळणाला आली तेव्हा त्याने ती थांबवली. खरं सांगायचं तर त्याला पळून जावंसं वाटलं. कुणालाच काही माहीत नव्हतं. गप्प बसला असता तर दोष नाचणीच्याच माथी राहिला असता, आणि नाचणी काही तक्रार करायला येत नाही. उष्टावणीचा चमचा त्याचा, आता पीठही त्याचंच. दर्शना पुन्हा तोंड बघेल का? पण मग साडेसात किलोंचं काय? त्याने कपाळावरचा घाम पुसला, तिथेही पीठ लागलं, आणि स्कूटर चालू केली.

दर्शना मागल्या दारी रताळी सोलत होती. हौसा शेजारी राहीला घेऊन बसली होती. स्वरूपने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाला, "तांदूळ फिरवला मी. साफ करायला म्हणून. मना सुचलंच नाय गो."

हौसाने कपाळावर हात मारला. "म्हंजे पोरीला नाचणी नाय बाधली. तुजी गिरण बाधली!"

दर्शनाच्या हातातली सुरी थांबली होती. "चार महिने," ती म्हणाली. "चार महिने मी पोरीला उपाशी ठेवल्यासारखी ठेवलीय, दादा. माझ्या हाताला यशच नाय असं वाटायला लागलं होतं मना. तुला तेव्हाच कसं नाय सुचलं? दुसऱ्यांच्या उपासाला बरं सुचतं!"

तिने डोळे पुसले, नाक ओढलं आणि आत गेली. आता ही काही परत बाहेर येत नाही, असं स्वरूपला वाटलं. ती आली ती वही घेऊन. जूनचं फाटकं पान काढून तिने फुलीशेजारी लिहिलं, 'नाचणी नव्हे, तांदूळ असावा.' मग मान वर न करता म्हणाली, "डॉक्टर बाईंना फोन लाव. त्या हो बोलल्या तरच."

डॉक्टर बाई हो म्हणाल्या, पण अटी घालून. दवाखान्यातच द्यायचं, सलाईनची तयारी ठेवून. आणि पीठ गिरणीतलं नको, कितीही धुतली तरी नको. ज्याला कधी तांदूळ लागला नाही असं भांडं हवं. वाडीत असं भांडं शोधणं म्हणजे समुद्रात कोरडा दगड शोधणं. शेवटी मिक्सरच्या पिठाला उभ्या आयुष्यात नाकं मुरडणाऱ्या गिरणवाल्याने रत्नागिरीत जाऊन नवा मिक्सर आणला. नाचणी नव्या ताटात तीनदा निवडली. सचैल स्नान करून, धुतलेले कपडे घालून, त्याने ती दर्शनाच्या देखत दळली. आवाज ऐकून राही टाळ्या पिटत होती.

दवाखान्यात सकाळी साडेनऊला दर्शनाने शिजवून आणलेल्या नाचणीच्या सत्त्वाचा डबा उघडला. राहीच्या हाताला सुई लावून वर पट्टी गुंडाळली होती. ती पट्टी सोडवण्याच्या उद्योगात ती होती. स्वरूप दाराकडे सरकला. "मी बाहेर थांबतो."

"कुठं चाललास?" दर्शनाने पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. चांदीचा चमचा, डॉक्टर बाईंना विचारून उकळून घेतलेला. त्याला वाटत होतं की तिने तो कधीच टाकून दिला असेल. "उष्टावण मामानंच करायची असते. तेव्हाची धरायची नाय. ही धर."

"नको गो. माझा हात..."

"धुतलायस ना हात? सांडू नको म्हंजे झालं."

त्याने पाव चमचा भरवला. राहीने तोंड वेडंवाकडं केलं, विचार केला आणि गिळलं. अर्ध्या तासाने अर्धा चमचा, मग एक. साडेदहा नाही वाजले तोवर स्वरूपने भिंतीवरच्या घड्याळाकडे शंभरदा तरी पाहिलं असेल. अकरा झाले. साडेअकरा झाले. उलटी नेहमी याच सुमाराला सुरू व्हायची. राहीने एक जांभई दिली, मामाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि अंग सैल सोडलं.

उष्टावणीला अशीच मान टाकली होती तिने. "राही," स्वरूपने हाक मारली. उत्तर नाही. "राही! बाय!" त्याने तिला खांद्यावरून काढून गदागदा हलवलं. "डॉक्टर! पोर गळाठली!"

राहीने डोळे उघडले. आधी मामाकडे बघितलं, मग खालचा ओठ पुढे काढला, आणि असं भोकाड पसरलं की बाहेर बसलेली चार पोरं नुसत्या सहानुभूतीने रडायला लागली. गाल लालबुंद, हातपाय झाडतेय, मामाचं नाक ओरबाडतेय. डॉक्टर बाई धावत आल्या, तिची नाडी बघितली, पोट दाबून बघितलं आणि खुर्चीवर बसून हसू लागल्या.

"अहो, झोपेची वेळ आहे तिची. झोपली होती ती."

दर्शना हसत होती आणि रडतही होती, आणि यातलं काहीच थांबवायचा तिने प्रयत्न केला नाही. स्वरूप पुन्हा पुन्हा "माफ कर गो बाय" म्हणत पोरीला थोपटत होता. आपण तिला उष्टावणीनंतर पहिल्यांदाच असं उराशी धरलंय, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

साडेबारा झाले, दीड झाला, अडीच वाजले. डॉक्टर बाईंनी सुई काढून टाकली. आता घरी रोज थोडं थोडं वाढवत द्यायचं, काही वाटलं तर लगेच फोन करायचा, असं त्यांनी सांगितलं. राहीने रिकामा डबा डोक्यावर पालथा घातला होता आणि आत काही उरलंय का ते जिभेने तपासत होती.

बाकावर बसून दर्शनाने वही मांडीवर घेतली. बराच वेळ लिहीत होती. मग तिने ती स्वरूपपुढे धरली. "वाच. संध्याकाळी सुजयला तूच वाचून दाखव."

पानावर तारीख होती, आणि खाली दोनच ओळी.

'नाचणी. काही झालं नाही.

मामाने झोपमोड केली.'