मुलाखतीआधीची सही

सासूच्या कोटाचं सुटलेलं बटण सून सकाळी घाईघाईने टाचत होती. दाताने दोरा तोडत ती म्हणाली, "आई, आज आरोग्य खात्याच्या सचिवांशी जरा गोड बोला हं. मला नोकरीत कायम करायची फाईल त्यांच्याच टेबलावर आहे. आठ वर्षं इंजेक्शनं टोचतेय. रुग्ण बरे झाले, त्यांची लग्नं झाली, पोरं शाळेत गेली. मी आपली हंगामीच!"

"मी काय कडू बोलते?"

"छे! वर्गातल्या पोरांना विचारा."

सासू हसली. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाली, तरी सगळ्यांची ती 'बाई'च राहिली. शहराचं पिण्याचं पाणी तपासणाऱ्या मंडळावर आज नवा अध्यक्ष नेमायचा होता. निवड सरळ होते ना, हे पाहायला 'त्रयस्थ निरीक्षक' म्हणून बाईंना बोलावलं होतं. गेल्या वर्षी याच पाण्याने कावीळ झालेली बावीस माणसं सुनेच्या वॉर्डात आली. चार उठली नाहीत. तेव्हाचा अध्यक्ष कुणाचा तरी साडू होता.

कार्यालयात लांब टेबल, त्यावर पाण्याच्या विकतच्या बाटल्या. सचिवांनी चहाबरोबर एक कागद पुढे सरकवला. "एवढी सही करा बाई, मग निवांत बसा."

बाईंनी चष्मा लावला. 'सर्व मुलाखती माझ्यासमक्ष निःपक्षपातीपणे पार पडल्या.' खाली पाच जणांचे गुण. मंत्र्यांच्या मेहुण्याला ब्याण्णव. वीस वर्षं प्रयोगशाळेत झिजलेल्या एका महिलेला एकतीस. आणि ते पाचही जण अजून बाहेर बाकावर बसलेले!

"मुलाखती व्हायच्यात ना अजून?"

"इथे सही आधीच होते. पद्धतच आहे. नंतर सगळ्यांना घाई असते हो."

"आणि निरीक्षक कोण निवडतं?"

"आम्हीच की." सचिव मोकळं हसले. "म्हणून तर तुमचं नाव सुचवलं. घरचीच माणसं आपण. सूनबाईंची फाईल माझ्याकडे आहे, ठाऊक आहे ना?"

बाईंचा हात थबकला. डोळ्यांपुढे सून आली. अंधारात उठून जाणारी, सुजल्या पायांनी परतणारी, तरी दारातून हसत येणारी. आणि तिच्या मागे ते चार पलंग, रिकामे.

बाईंनी कागदावर लिहिलं, 'वेळ सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. एकही उमेदवार अजून आत आलेला नाही. गुण आधीच भरलेले आहेत.' खाली सही केली, फळ्यावरच्या अक्षरांसारखी ठसठशीत. मग कागद घेऊन त्या तडक बाहेर गेल्या आणि बाकावरच्या पाचही जणांना तो मोठ्याने वाचून दाखवला. प्रयोगशाळेतल्या त्या महिलेने चटकन फोटो काढला.

फोटो शहरभर फिरला. निवड रद्द झाली. बाईंचं नाव निरीक्षकांच्या यादीतून गेलं, आणि सुनेची फाईल 'त्रुटी' असा शेरा घेऊन परत आली.

तिसऱ्या दिवशी सून भांडी आदळत म्हणाली, "माझ्या पोटावर सही केलीत. निदान विचारायचं तरी!"

"चुकलं गं माझं. पण विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

सून नळाखाली हात धरून उभी राहिली. पाणी वाहत राहिलं.

"नको म्हणाले असते," ती हळूच म्हणाली. "आणि मग वॉर्डात कुणाच्या तोंडाकडे बघता आलं नसतं."

महिन्याने मुलाखती पुन्हा ठरल्या. निरीक्षकाच्या खुर्चीत या वेळी सचिवांचे शाळासोबती. बाहेरच्या बाकावर मात्र वही उघडून दोघी जणी बसल्या होत्या. सून तर कामावरून तशीच, गणवेशात आलेली.

सचिव तरातरा बाहेर आले. "तुम्हाला इथे कुणी नेमलं?"

"कुणीच नाही, साहेब," सून म्हणाली. "म्हणून तर बसलोय."

आणि पहिला उमेदवार आत गेल्याची वेळ तिने वहीत लिहिली.