आठ वाट्यांचं आभाळ

ऑपरेटरबाईंनी चौतीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत लोकांची बोलणी जोडून दिली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्याशी बोलायला कुणी उरलं नाही. गुडघे असे रुसले होते, की चौथ्या मजल्यावरून खाली उतरणं म्हणजे मोहीमच. दूधवाला दाराच्या कडीला पिशवी अडकवून जाई. भाची रविवारी फोन करी. उरलेला आठवडा बाई स्वतःशीच बोलत, आणि त्या काय बोलणार हे त्यांना आधीच ठाऊक असे.

म्हणून भाचीने परस्पर त्यांचं नाव एका वर्गात घातलं. घरात अडकून पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी वाचनालयाने फोनवरचा वर्ग काढला होता: दर बुधवारी अकराला पाऊण तास, एकाच लाइनवर सहा विद्यार्थी, विषय ढग. शिकवायला वेधशाळेतली एक तरुण मुलगी. बाईंनी नाक मुरडलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ढग शिकून काय पाऊस पाडायचाय, म्हणाल्या. आणि पहिल्या बुधवारी पावणेअकरालाच खुर्ची खिडकीशी ओढून बसल्या.

आभाळाचे मनातल्या मनात आठ वाटे करायचे, ढगांनी त्यातले किती व्यापलेत ते सांगायचं, असा पहिला धडा होता. बाईंनी काचेवर दोरे चिकटवून सरळ आठ चौकोन पाडले. पिंजलेल्या कापसासारखे उंच ढग कुठले आणि अंथरलेल्या गोधडीसारखे सपाट कुठले, हे त्यांना आठ दिवसांत कळू लागलं. दिवसातून तीनदा नोंद. रविवारी भाचीने तब्येत विचारली, की उत्तर येई, "सकाळी सहा वाटे, दुपारी दोन."

तरीही तिसऱ्या बुधवारनंतर ग्रंथपालांचा फोन आला. बाई तिन्ही वेळा विसाव्या मिनिटालाच लाइन सोडून गेल्या होत्या. वर्ग आवडत नसेल तर तसं सांगावं, रांगेत अकरा जण ताटकळलेत. पुढच्या बुधवारीही असंच झालं तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल.

"द्या," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग समोरच्या चहावर साय धरली तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. त्या रविवारी त्यांनी भाचीला एकही वाटा सांगितला नाही.

भाचीने खोदून खोदून विचारलं, तेव्हा खरं कारण बाहेर आलं. वीस मिनिटं मुलगी शिकवी. पुढे कुणाच्या खिडकीतून काय दिसतं, ते विद्यार्थ्यांनी एकमेकांना सांगायचं असे. आणि दोन माणसं आपापसात बोलू लागली, की बाईंचा हात आपसूक फोन ठेवी. कचेरीत पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं: बोलणं जुळलं, की कळ पाडायची आणि आपला कान काढून घ्यायचा. शेजारच्या खुर्चीवरची एकजण ऐकत बसली, तर तिची नोकरी गेली.

"लोकांचं बोलणं चोरून ऐकणं शोभतं का आपल्याला?" बाईंनी विचारलं.

भाची आधी हसली. मग म्हणाली, "अगं मावशी, ते तुझ्याशीच बोलतायत."

भाचीने ग्रंथपालांना सांगून जागा राखली. चौथ्या बुधवारी मुलीचं शिकवून झालं आणि वर्गातले ड्रायव्हरकाका व शिवणवाल्या आजी यांची जुंपली. काकांनी जन्मभर बस चालवली होती. ढग उजवीकडे चाललेत, म्हणाले. आजींच्या मते डावीकडे.

"ह्यांनी तीस वर्षं आरशात बघून गाडी हाकली," आजी म्हणाल्या. "ह्यांना सगळं उलटंच दिसणार."

बाईंचा उजवा हात निघालाच होता. त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला. भर दुपारी कुणाच्या घरात शिरल्यासारखं वाटत होतं.

"चौथ्या मजल्यावरच्या बाई आजही पळाल्या का?" काकांनी विचारलं.

"लाइनवर आहे," बाई म्हणाल्या.

"मग फुकट काय ऐकताय? निकाल द्या."

बाईंनी बाहेर पाहिलं. त्यांची खिडकी पूर्वेला होती आणि ढग त्यांच्यापासून दूर दूर चालले होते. त्यांनी एकदा उजवा हात हलवून पाहिला, एकदा डावा.

"काका, तुमची खिडकी उत्तरेला आहे का? आणि आजी, तुमची दक्षिणेला?"

दोघांनीही हो म्हटलं.

"मग भांडताय कशाला? ढग एकच आहेत. तुम्ही एकमेकांकडे पाठ करून बसलाय."

आजी इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. काका म्हणाले, आमच्या संसारात हा निकाल कुणी दिला असता तर किती बरं झालं असतं. मग मुलीने वारा कुठून कुठे वाहतोय ते विचारताच पुन्हा सगळे एकदम बोलू लागले, आणि त्या कोलाहलात बाईही होत्या. पाऊण तास कधीच उलटून गेला.

निरोपाची वेळ आली, तेव्हा मुलीने विचारलं, "बाई, पुढच्या बुधवारी?"

"येते," बाई म्हणाल्या.

एकेकाने फोन ठेवला. बाईंनी सहाही खटके मोजले, सगळ्यांचं बोलणं पूर्ण झाल्याची खात्री केली, आणि मगच आपला ठेवला.