पोपटाच्या चोचीत मिरची

मी एक जुना पोपट आहे, मित्रांनो. उडणारा नव्हे, गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेला साचा. मला भांड्यावर धरायचं, वरून रंगाचा बोळा फिरवायचा, की उमटला पोपट. फुशारकी मारत नाही, पण एके काळी चाकुरात पुढाऱ्यांपेक्षा माझीच चित्रं जास्त होती.

माझे मालक केरबा पेंटर. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा त्यांची चंगळ झाली. गावोगावच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसायचं आणि 'जि. लातूर' लिहायचं. पण जिल्हा काही दरवर्षी होत नसतो. पाट्या संपल्या, पाठोपाठ दुष्काळ पडला, नवी दुकानं निघेनात.

"दुकानाला कुलूप लावतो," केरबा बायकोला म्हणाले. "निलंग्याला मेव्हण्याच्या किराण्यात पुड्या बांधाया जातो."

साखराबाई नुकतीच टँकरच्या रांगेतून भांडून आली होती. रांगेत माणसं नाही, टिपाडं, म्हणजे पाण्याची पत्र्याची पिंपं, उभी असत. टँकर आला की कोणतं कुणाचं यावरून रोज जुंपायची.

"पुड्या मागून बांधा," ती म्हणाली. "आधी टिपाडावर चित्र काढा. ज्याचं त्याला वळखू येईल."

केरबांनी लगेच साच्यासाठी डबा कापला. माझा थोरला भाऊ आंधळाच निघाला, कारण कापताना डोळ्याचा गोल निखळून पडला. माझ्या वेळी डोळ्याला दोन्हीकडून पट्टी ठेवली, तर मी चष्मा लावलेला मास्तर दिसू लागलो. लोकांना तोच आवडला. एका पोपटाला एक घागर पाणी असा दर ठरला, आणि बघता बघता अख्ख्या गल्लीच्या टिपाडांवर मीच मी. मी तर हरखून गेलो.

मग टँकर आला. रांगेत सगळेच पोपट. गल्लीतली तिखट जिभेची गौरम्मा शेजारच्या उमाबाईचं टिपाड ओढू लागली, उमाबाई तिची वेणी. पाणी मातीत गेलं. सगळी गल्ली टिपाडं गडगडवत दुकानावर चालून आली. "आमचं पाणी परत द्या, न्हाई तर पोपट पुसा."

केरबांनी कुलूप उचललं. पत्र्याचा असूनही मला घाम फुटला. दुकान बंद म्हणजे मी भंगारात.

साखराबाईनं कुलूप हिसकावलं आणि त्यांच्या हाती कुंचला दिला. "पोपट साच्याचाच ऱ्हाऊ द्या. चोचीत ज्याच्या त्याच्या घरचं कायतरी द्या. आत्ताच्या आत्ता."

केरबांनी गौरम्माकडे पाहिलं आणि तिच्या पोपटाच्या चोचीत लालभडक मिरची काढली. गौरम्मानं मिरचीला बोट लावलं, बोट लाल झालं.

"हाव, ह्यो माझाच हाय," ती म्हणाली. "सासूच्या टिपाडावर दोन काढ."

शिंप्याच्या पोपटाला कात्री मिळाली, मास्तरांच्या पोपटाला खडू. पुढे उदगीरहून लोक ट्रंका आणि बैलगाड्यांवर पोपट काढून घ्यायला येऊ लागले. दुकान तरलं. मेव्हण्यानं आपल्या पुड्या आपणच बांधल्या.

आता गल्लीत नळ आले आणि मी खिळ्याला लटकतोय. डोळ्यात वाळलेला रंग साचलाय. मित्रांनो, कुणीतरी रॉकेलचा बोळा फिरवा रे. मग खुशाल हजारदा छापा मला, मी दर वेळी तसाच निघेन. चोचीत काय द्यायचं, ते मात्र समोरच्या माणसाकडे नीट बघून ठरवा.