सातवा फ्रेट

बाबांनी आयुष्यभर सुतारकाम केलं आणि आयुष्यभर एकच बढाई मारली: आपल्या मापात पाप नाही. कपाट असो, पलंग असो, दाराची चौकट असो, कानावरची पेन्सिल काढून त्यांनी एकदा खूण केली की ती काळ्या दगडावरची रेघ. कुणी शंका काढलीच तर ते म्हणत, "माझं माप बघायचंय ना? मग माझ्या लेकीची गिटार ऐका."

ही गिटार म्हणजे चार जाड तारांची इलेक्ट्रिक बेस. लेक शाळेत असताना तिला बेसचं खूळ लागलं, तेव्हा बाबांनी एका मोडक्या जेवणाच्या टेबलाच्या फळीतून ती स्वतःच्या हातांनी घडवली. घरात दिवसभर ढम ढम सुरू झालं आणि लेकीचं नाव ढमी पडलं. पुढे ढमी दवाखान्यात एक्स-रे काढायला लागली, शनिवारी संध्याकाळी एका बँडमध्ये वाजवायला लागली, तिच्या डोक्यात पांढरे केस आले. बाबांच्या तोंडी ती अजून ढमीच आहे.

त्या गिटारीत एक खोट होती आणि ती ढमीशिवाय कुणालाच माहीत नव्हती. गिटारीच्या मानेवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. त्यांना फ्रेट म्हणतात. तिथे तार दाबली की सूर ठरतो. बाबांचा सातवा फ्रेट तांदळाच्या दाण्याएवढा वर, डोक्याकडे सरकला होता आणि तिथला सूर किंचित पडायचा. ढमीच्या ते लगेच लक्षात आलं. पण बाबा रंध्याचा भुसा अंगावर घेऊन दारात उभे राहायचे आणि असे काही डोळे मिटून ऐकायचे, की सांगायला तिची जीभ रेटली नाही. तिने बोटालाच शिकवलं: सातव्यावर आलं की तार जरा बाजूला ओढायची, म्हणजे सूर चढतो आणि जागेवर बसतो. बोट लवकरच शहाणं झालं. बाबांना कधी पत्ता लागला नाही.

मग एकदा बँडच्या गाडीतून ती गिटार चोरीला गेली. त्यानंतर ढमीने दुकानातल्या एकाहून एक चांगल्या बेस वाजवल्या. सगळ्या बिनचूक होत्या आणि एकीवरही तिचा जीव जडला नाही.

मागच्या वर्षी बाबांनी एका जुन्या गिऱ्हाइकाला स्वयंपाकघरातली कपाटं करून दिली आणि त्यांची दारं लागेनात. माप चुकलं होतं. गिऱ्हाईक भला माणूस, हसून म्हणाला, "चालायचंच, वय झालं आता." ते 'चालायचंच' बाबांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी दुकान बंद केलं, हत्यारांच्या पेटीला दोरी बांधली आणि ते ढमीकडे राहायला आले. तेव्हापासून खिडकीशी बसून असत. एकदा खुर्चीचा पाय डुगडुगायला लागला, तर ढमीने मुद्दाम त्यांच्यासमोर कुरकुर केली. ते म्हणाले, "एखादा सुतार बोलाव."

तेव्हाच तिने ठरवलं, की ती गिटार पुन्हा करून घ्यायची. माणसाला आपल्या हातांचा भरवसा उरला नसेल, तर त्या हातांनी काय केलं होतं ते त्याच्या कानावर घालावं. बाबा उठतील. आणि खरं सांगायचं तर तिलाही ती हवीच होती.

मागणीप्रमाणे गिटारी करून देणारा एकजण शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. हात सोन्याचा आणि तोंड फटकळ. ढमीने त्याला जुने फोटो दाखवले, फळीची जाडी सांगितली, मान हाताने हवेत आखून दाखवली. तो टिपून घेत होता. मग ती म्हणाली, "आणि सातवा फ्रेट तांदळाएवढा वर घ्या."

गिटारवाल्याने चष्मा कपाळावर ढकलला. "सूर पडेल, मॅडम."

"पडू दे."

"अहो, शिंप्याकडे जाऊन कुणी एक बाही आखूड शिवा म्हणतं का?"

"ज्याचा एक हात आखूड असतो, तो म्हणतो."

गिटारवाला हसला नाही, पण तयार झाला. "बरं. मात्र तिच्यावर माझं नाव घालणार नाही. कुणी विचारलं तर मला ओळखत नाही म्हणून सांगा."

गिटार तयार झाली तेव्हा तो स्वतःच घेऊन आला. घरी नेताना तारा ढिल्या पडतात, एकदा जुळवून देतो, असं म्हणाला. असली मागणी करणाऱ्या बाईचं घर बघायची त्याला उत्सुकता असावी. रविवारची सकाळ होती. ढमीने चहा ठेवला. बाबांनी गिटार मांडीवर घेतली आणि तिच्या पाठीवरून तळवा फिरवला. कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा असा उजळला नव्हता.

"अगदी तशीच आहे गं," ते म्हणाले. "वाजव की."

ढमीने वायर जोडली आणि लहानपणी रोज वाजवायची ती चाल सुरू केली. बाबांनी डोळे मिटले. ढम, ढम, ढम, आणि बोट सातव्या फ्रेटवर आलं. सरळ आलं. इतकी वर्षं बिनचूक गिटारी वाजवून ते बोट सरळमार्गी झालं होतं, आणि ढमीच्या हे ध्यानीमनीही नव्हतं. सूर पडला.

बाबांनी डोळे उघडले. "थांब. हा सूर पडतोय."

त्यांची नजर मंदावली होती, कान नाही. त्यांनी पुढे वाकून मानेवरून अंगठा फिरवला आणि तो बरोबर सातव्यावर येऊन थांबला. "हा बघ. वर सरकलाय. माझ्या गिटारीत असं नव्हतं. माझा हा सूर कसा भरून यायचा!"

खरं सांगावं, तर बाबांच्या लेखी बरोबर उरलेलं शेवटचं मापही हातचं जाणार. न सांगावं, तर सांगितलं तेच इमानाने करणारा माणूस समोर बसून बोलणी खाणार. गिटारवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. कान लाल झाले होते. कप खाली ठेवून त्याने तोंड उघडलं, आणि त्याचं लक्ष फ्रेटवरच्या त्या अंगठ्याकडे गेलं. पटाशीच्या जुन्या व्रणांचा, नख वाकडं झालेला अंगठा. त्याने एकदा ढमीकडे पाहिलं. मूळ गिटार कुणी केली होती, ते त्याला आत्ता कळलं.

"चुकलं, काका," तो म्हणाला. "माझं माप चुकलं."

ढमीला वाटलं, उठून या माणसाचे पाय धरावेत. पण खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा बोलायला लागला की जरा जास्तच बोलतो. "हल्ली हात पूर्वीसारखा चालत नाही," तो मान खाली घालून पुढे म्हणाला. "बंदच करावं म्हणतो दुकान."

"वेडे की काय!" बाबा ताडकन म्हणाले. "एका मापापायी कुणी दुकान बंद करतं होय?"

आणि आपलेच शब्द त्यांच्या कानावर पडले. अंगठा अजून फ्रेटवर होता, तो नुसताच मागेपुढे फिरत राहिला. चहावर साय धरली.

"होतं माणसाकडून," शेवटी ते हळूच म्हणाले. मग घसा खाकरून त्यांनी गिटारीची मान उजेडाकडे वळवली. "हा काढायचा. खाच लाकडाची चीप घालून बुजवायची आणि खाली नवी कापायची. काही अवघड नाही. तुम्ही धरा, मी कापतो. ढमे, माझी पेटी कुठे ठेवलीस गं?"

पेटी पलंगाखाली होती. ढमी क्षणभर जागची हलली नाही. तो फ्रेट एकदा जागेवर गेला की ही गिटारही इतर चांगल्या गिटारींसारखी बिनचूक होणार होती. तिची गिटार दुसऱ्यांदा जाणार होती, आणि या खेपेला चोराच्या हाती हत्यार तीच आणून देणार होती. तिला रडूही आलं आणि हसूही आलं.

"आणते, बाबा," ती म्हणाली, आणि पेटीची दोरी सोडायला पलंगापाशी खाली बसली.